आचाऱ्याला पैसे, वाढप्याला नाहीत: स्वयंसेवी ओपन सोर्स प्रकल्पात कामाचे पैसे कसे द्यावेत

गावजेवणाच्या पंगतीत वाढायला गल्लीतलीच पोरं असतात. ती पैसे मागत नाहीत आणि त्यांना कुणी देतही नाही. चुलीपाशी उभा असलेला आचारी मात्र ठरवून आणलेला असतो. त्याचे पैसे आधीच ठरलेले असतात, सगळ्यांना माहीत असतात, आणि वाढप्यांना त्याचं काही वाटत नाही. पण वाढप्यांपैकी दोघांनाच मागच्या दाराने पाकीट मिळालं, तर पुढच्या वर्षी आमटीची बादली उचलायला माणूस मिळत नाही.

जुन्या फॉन्टांतला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षर-संकेतांत, आणणारा एक छोटा ओपन सोर्स प्रकल्प आम्ही सात-आठ जण चालवतो. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता-बदलता येतो असं सॉफ्टवेअर. एका वर्षी देणग्यांचे दोन लाखांच्या वर रुपये जमले आणि मी उत्साहात एका कामाला पैसे लावून मोकळा झालो. चाचणीच्या शब्दांची यादी चार वर्षं सांभाळणाऱ्या आमच्या ताईंचा दुसऱ्या दिवशी निरोप आला: “मला पैसे नकोत रे. पण विचारलंस कुणाला?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते काम मागे घेतलं, तीन आठवडे चर्चा केली आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हा घातलेली घडी अजून टिकून आहे, तीच इथे मांडतो.

१. आधी विचारा, मग जाहीर करा

या विषयातला सगळ्यांत बोलका किस्सा डेबियनचा, म्हणजे स्वयंसेवकांनी उभारलेल्या एका मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा, आहे. सप्टेंबर २००६मध्ये प्रकल्पप्रमुखांसह काही डेबियनकरांनी ‘डंक-टँक’ नावाचा प्रयोग काढला. ‘एच’ ही आवृत्ती ४ डिसेंबर २००६ला वेळेवर निघावी म्हणून दोन रिलीज मॅनेजरांना (आवृत्ती बाहेर काढण्याची जबाबदारी असलेल्यांना) एकेक महिना पूर्णवेळ पैसे द्यायचे, असा बेत होता. हा पैसा डेबियनच्या तिजोरीतून येणार नव्हता, वेगळा गोळा होणार होता. तरीही गदारोळ झाला. ज्यांना पैसे मिळणार नव्हते त्यांच्यातल्या काहींनी हात आखडते घेतले, आणि प्रकल्पप्रमुखाला पदावरून काढण्याचा ठराव थेट मतदानापर्यंत गेला. ठराव फेटाळला गेला. आवृत्ती निघाली ८ एप्रिल २००७ला, म्हणजे ठरल्यापेक्षा चार महिने उशिरा. उशिराला इतर कारणंही होती, पण वेळ वाचवायला आणलेल्या पैशाने वेळ वाचला नाही हे खरंच.

याच डेबियनमध्ये २०१४पासून जुन्या आवृत्त्यांच्या दीर्घकालीन देखभालीसाठी पैसे दिले जातात, आणि तिथे असा भडका उडाला नाही. फ्रेक्सियन ही कंपनी वापरकर्त्या कंपन्यांकडून पैसे गोळा करते, डेव्हलपरांना तासांप्रमाणे देते, आणि कुणी किती तास काय केलं त्याचे अहवाल दर महिन्याला उघड प्रसिद्ध होतात. माझ्या मते फरक कामाच्या जातीत आहे. पाच वर्षं जुन्या आवृत्तीतली सुरक्षेची भोकं बुजवायला हौसेने कुणी बसत नाही, त्यामुळे पैसे घेणाऱ्याने कुणाच्या तोंडचा घास काढला असं कुणालाच वाटलं नाही. रिलीज मॅनेजरच्या शेजारी मात्र तितकंच काम फुकट करणारे डझनभर लोक उभे होते.

म्हणून पहिली पायरी अशी. पैसे देण्याचा विचार आहे एवढंच सगळ्या सक्रिय लोकांना कळवा आणि निदान दोन आठवडे थांबा. प्रश्न तीनच विचारा: पैसे द्यावेत का, कशासाठी द्यावेत, आणि कशासाठी कधीच देऊ नयेत. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं सर्वांत कामाची निघतात. आमच्याकडे नवशिक्यांसाठी राखलेल्या सोप्या कामांना, शब्दयादीला आणि भाषांतराला पैसे लावायचे नाहीत असं ठरलं. ती कामं लोक आवडीने करतात.

२. कशाला पैसे लावायचे

प्रकल्पात वर्षभर कुणीच न उचललेली कामं शोधा. ती बहुधा कंटाळवाणी, किचकट किंवा अंगावर येणारी असतात: तुंबलेल्या पुल रिक्वेस्ट (लोकांनी सुचवलेले कोडमधले बदल) तपासणं, रिलीज म्हणजे नवी आवृत्ती काढणं, जुनी लायब्ररी (वापरात घेतलेला दुसऱ्यांचा आयता कोड) बदलणं, सुरक्षेच्या तक्रारींना उत्तर देणं.

वेबसाइट बनवायच्या जँगो या साधनाच्या प्रकल्पाने हेच ओळखलं. २०१४मध्ये जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशनने ‘फेलो’ नेमायला सुरुवात केली. फेलोचं मुख्य काम तिकिटं (नोंदवलेल्या तक्रारी आणि मागण्या) चाळणं, इतरांचे पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) तपासणं, सुरक्षेच्या तक्रारी निस्तरणं आणि रिलीज वेळेवर काढणं. नवी वैशिष्ट्यं लिहिण्याची मजा स्वयंसेवकांकडेच राहिली, उलट त्यांच्या पॅचकडे बघणारं हक्काचं माणूस मिळालं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पाने २०२१मध्ये ‘डेव्हलपर-इन-रेसिडेन्स’ नेमला तोही बराचसा याच विचाराने. पूर्णवेळ माणूस ठेवायची तुमची-आमची ऐपत नसते, पण महिन्याला दहा तास तपासणीचे पैसे देणं छोट्या प्रकल्पालाही जमतं. मला विचाराल तर पहिला रुपया कोडऐवजी रिव्ह्यूवर, म्हणजे तपासणीवर, खर्च करा.

बाउंटीपासून मात्र लांब राहा. ‘हा बग सोडवा, अमुक रुपये मिळवा’ हा प्रकार दिसतो सोपा. प्रत्यक्षात चार जण एकाच बगवर तुटून पडतात, एकाला पैसे मिळतात, तिघं चिडून जातात, आणि चौघांचा कोड तपासत मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, फुकट बसतो. शिवाय बाउंटीचे पैसे मधल्या मंचाकडे पडून असतात. बाउंटीसोर्स या अशाच मंचाने २०२० साली, दोन वर्षं कुणी न उचललेले पैसे आपल्याकडे घेण्याचा नियम जाहीर केला. बोंबाबोंब झाल्यावर तो मागे घेतला, पण २०२३मध्ये तिथून लोकांना पैसे मिळणंच बंद झालं.

बक्षीस छोटं असलं तरी काय होतं हे ऑक्टोबर २०२०च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ओपन सोर्सला हातभार लावणाऱ्यांना बक्षीस देणाऱ्या उपक्रमात, दिसलं. एका टी-शर्टसाठी रीडमी फायलीत (प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या पानात) एखादं विशेषण घुसडणाऱ्या पुल रिक्वेस्टचा पूर आला. त्यात आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचा वाटा मोठा होता हे कबूल करायला हवं. आयोजकांना काही दिवसांतच नियम बदलून, ज्या प्रकल्पांनी स्वतः होकार दिला असेल त्यांच्याच पुल रिक्वेस्ट धरायची वेळ आली. इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या कर्ल या साधनाच्या प्रकल्पाने २०१९पासून चालवलेली सुरक्षा-बाउंटी जानेवारी २०२६अखेर बंद केली. एआयकडून लिहून घेतलेल्या पोकळ तक्रारी वाचता वाचता तिथली माणसं थकली होती.

३. पैसा कुणाच्या खात्यात

मेंटेनरच्या स्वतःच्या यूपीआयवर देणग्या घेऊ नका. आयकर खात्याला ती रक्कम तुमचं उत्पन्न वाटेल आणि सोबत्यांना तुमचा खिसा. मैत्री टिकवायची असेल तर हा एवढा एक नियम तरी पाळाच.

परदेशातून देणग्या येत असतील तर सरळ वाट म्हणजे एखाद्या यजमान संस्थेच्या छत्राखाली जाणं. ओपन कलेक्टिव्ह या मंचावर ओपन सोर्स कलेक्टिव्ह नावाची अमेरिकन ना-नफा संस्था हे काम करते. ती देणगीतले १० टक्के घेते आणि बदल्यात बँक खातं, कागदपत्रं आणि हिशेब सांभाळते. जमा-खर्चाची प्रत्येक ओळ जगाला दिसते, हे मला १० टक्क्यांपेक्षा मोलाचं वाटतं. नावांत गोंधळ करू नका. ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशन ही वेगळी संस्था होती आणि तिने फेब्रुवारी २०२४मध्ये गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. यजमानही बंद पडू शकतो, म्हणून वर्षाच्या गरजेपेक्षा जास्त रक्कम तिथे साठवू नये.

भारतात ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम ८ची (ना-नफा) कंपनी काढता येते. पण परदेशी देणगी घ्यायची तर परकीय अंशदान कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, नोंदणी लागते, आणि सात-आठ जणांच्या प्रकल्पासाठी ते म्हणजे उंदरासाठी डोंगर पोखरणं आहे. देणगीदार भारतातलेच असतील तर ओपन सोर्सला पाठबळ देणाऱ्या फॉस युनायटेडसारख्या संस्थांच्या अनुदानाकडे बघा. झेरोधाने ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू केलेला फ्लॉस-फंड वर्षाला १० लाख डॉलर वाटतो, पण त्याचं किमान अनुदानच १० हजार डॉलरचं आहे. आमच्यासारख्यांना ते पेलवणार नाही.

४. काम कागदावर मांडा

सगळी भांडणं ‘काम झालं का’ या प्रश्नावर होतात, म्हणून इथे वेळ घाला. आम्ही मागे घेऊन पुन्हा लिहिलेलं काम जसंच्या तसं देतो.

थोडी पार्श्वभूमी. जुन्या फॉन्टांत अर्ध्या ‘ऱ’चं, म्हणजे ‘ऱ्य’मधल्या त्या चंद्रकोरीसारख्या रेघेचं, वेगळं चिन्ह असतं. आमचं सॉफ्टवेअर त्याचा साधा ‘र्’ करायचं. युनिकोडमध्ये साध्या ‘र्’पुढे ‘य’ आला की तो रफार होऊन डोक्यावर चढतो. त्यामुळे एका लग्नाच्या हिशेबवहीत ‘आचाऱ्यांना २,५०० रुपये दिले’ याचं ‘आचार्यांना २,५०० रुपये दिले’ झालं. स्वयंपाक्याचे पैसे गुरुजींच्या नावावर!

काम: जुन्या फॉन्टमधला अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये नीट उतरवणे.
पूर्ण कधी मानायचं: यादीतले ४० शब्द (आचाऱ्यांना, दऱ्या, पुऱ्या, कुऱ्हाड, तऱ्हा वगैरे) बरोबर येतात, आणि ज्यांत खरोखर रफार आहे ते शब्द (आचार्यांना, सूर्य, कार्य) बिघडत नाहीत.
यात धरलेलं नाही: नव्या फॉन्टांची भर, पडद्यावरची मांडणी.
वेळ आणि दर: जास्तीत जास्त १२ तास, ताशी १,५०० रुपये. ६ तास झाले की थांबून कुठवर आलं ते कळवायचं.
रिव्ह्यू: ४ तास, त्याच दराने, दुसऱ्या व्यक्तीकडून.
मुदत: हाती घेतल्यापासून २१ दिवस. १० दिवस काहीच हालचाल नसेल तर काम मोकळं.
परवाना: प्रकल्पाचा आहे तोच.

एकूण १६ तास, २४,००० रुपये. ‘यात धरलेलं नाही’ ही ओळ विसरू नका. तिच्याविना काम रबरासारखं ताणलं जातं आणि करणारा बिचारा भिडेपोटी करत राहतो.

सहा तासांच्या थांब्यामागचं कारण सांगतो. चांगला माणूस अर्ध्या वाटेवर येऊन म्हणतो, ‘मूळ रचनाच चुकली आहे, हे बारा तासांत होणार नाही.’ अशा वेळी सहा तासांचे पैसे द्या, त्याने काय शोधलं ते लिहून घ्या आणि थांबा. पूर्ण होईल तरच पैसे म्हटलं, तर लोक ठिगळ लावून काम पूर्ण दाखवतात.

५. दर ठरवणं, आणि ‘मानधन’ हा शब्द

मराठीत ‘मानधन’ म्हटलं की समजावं, मान भरपूर आणि धन बेताचं. हा शब्द टाळा. आम्ही सरळ ‘कामाचे पैसे’ म्हणतो.

दर सगळ्यांना एकच असावा की देशागणिक वेगळा, यावर नवशिक्यांना पैसे देऊन ओपन सोर्सचं काम देणाऱ्या मोठ्या कार्यक्रमांतही एकमत नाही. गूगल समर ऑफ कोड देश पाहून रक्कम ठरवतं, आउटरीची सगळ्यांना सारखीच देतं. छोट्या प्रकल्पाने एकच दर ठेवावा. नांदेडच्या माणसाला न्यू जर्सीतल्या मराठी माणसाच्या निम्मे पैसे का, याचं तोंडावर देता येईल असं उत्तर मला तरी सापडलेलं नाही. बाजारभावापेक्षा दर कमी असला तर तसं सांगून टाकावं, लोक समजून घेतात.

तासाचा दर की ठोक रक्कम? काम नीट मोजता येत असेल तर ठोक. शोधाशोध असेल तर तास, पण वर कमाल मर्यादा घालून. तासांवर पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर कुणाला लावायला सांगू नका. ज्याच्या तासांवर तुमचा विश्वास नाही त्याला काम देऊच नका.

मागच्या कामाचे पैसे द्यायचे का, हा प्रश्न हमखास येतो. आमचं उत्तर ‘नाही’ असं आहे. चार वर्षांच्या संध्याकाळींची किंमत लावायला बसलात की कितीही लावली तरी ती कमीच ठरते, आणि जे कुणाच्या मनातही नव्हतं ते हिशेबात येतं. ताईंनी मागितलं ते वेगळंच होतं: प्रत्येक रिलीजच्या टिपणात यादी तपासणाऱ्यांची नावं. ती इतकी वर्षं आम्ही लिहीत नव्हतो.

६. काम कुणाला

काम आधी दहा दिवस जुन्या लोकांसमोर ठेवा, मग बाहेर. एका वेळी एकाच माणसाच्या नावावर करा. अर्जात तीन-चार ओळी पुरेत: कसं करणार, कधी करणार, आधी या प्रकल्पात काय केलं आहे. अगदी नवख्या माणसाला पहिलंच काम पैशाचं देऊ नये, आधी एक छोटी दुरुस्ती करून घ्यावी. हल्ली मी अर्जदाराशी पंधरा मिनिटं बोलतोही. ‘आचाऱ्यांना’चा घोळ का होतो ते स्वतःच्या शब्दांत सांगता आलं तर पुढे. एआय वापरायला माझी ना नाही, पण आपण काय पाठवतो आहोत ते माणसाला कळलेलं हवं.

निवड करणाऱ्यांत अर्जदार नसावा. बोलायला सोपं वाटतं, पण आठ जणांच्या प्रकल्पात तेच ते लोक असतात. आम्ही तीन जणांचं मंडळ केलं आहे आणि अर्ज करायचा असेल त्याने त्या कामापुरतं बाजूला व्हायचं. मी स्वतः एकदा पैशाचं काम घेतलं तेव्हा बिल मंजूर करणाऱ्यांत मी नव्हतो आणि रिव्ह्यूही माझ्या ओळखीबाहेरच्या माणसाने केला. त्याने तीनदा परत पाठवलं. चांगलंच झालं.

७. घेणाऱ्याची बाजू

पैसे घेणारा माणूस अडचणीत येणार नाही ना, हे पाहणं देणाऱ्याचंही काम आहे. पुण्यात आमचे निम्मे लोक आयटी कंपन्यांत नोकरी करतात. फुकटच्या कामाकडे कंपनी काणाडोळा करते. पैसे घेतले की ते दुसरं काम ठरतं, आणि करारातलं मूनलायटिंगचं कलम जागं होतं. २०२२मध्ये एका बड्या भारतीय आयटी कंपनीने त्यावरून ३०० जणांना घरी पाठवलं होतं. कोडचा मालकी हक्क कंपनीकडे जातो असं कलम असेल तर ती प्रकल्पाचीही डोकेदुखी. कंपनीची लेखी परवानगी मागा.

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांचं आणखी नाजूक आहे. एफ-१ व्हिसावर परवानगीशिवाय बाहेरचं पगारी काम चालत नाही, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला फक्त व्हिसासाठी अर्ज करणाऱ्या मालकाकडेच काम करता येतं. अशा माणसाने पैसे नको म्हटले तर आग्रह करू नका. ‘मित्राच्या खात्यात टाकू का’ असं तर चुकूनही म्हणू नका.

भारतात राहून परदेशी यजमानाकडून पैसे घेणाऱ्याने तीन गोष्टी बघाव्यात. अमेरिकन संस्था डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म मागते, त्यात आपण अमेरिकेचे करदाते नाही असं लिहून द्यायचं असतं. बँक रकमेचा हेतू-संकेतांक विचारते, सॉफ्टवेअरच्या कामाला बहुधा पी०८०२ चालतो. तिसरं म्हणजे परदेशी संस्था आपल्याकडचा टीडीएस कापत नाही, त्यामुळे कर स्वतः भरावा लागतो. वर्षाचा देय कर १०,००० रुपयांवर जाणार असेल तर आगाऊ. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, पण नोंदणी आधीच असेल तर जीएसटी न भरता निर्यात करण्यासाठी हमीपत्र द्यावं लागतं. एफसीआरएची भीती इथे नको, कारण केलेल्या कामाचा मोबदला म्हणजे देणगी नव्हे. एकदा सीएकडे जाऊन या. त्याची फी एका कामाच्या रकमेत बसते.

८. पैसे देणं आणि लिहून ठेवणं

इन्व्हॉइसमध्ये ‘सॉफ्टवेअर सेवा’ असं मोघम न लिहिता इश्यूचा (कामाच्या नोंदीचा) क्रमांक, तास आणि दर लिहा. काम मर्ज झाल्यापासून, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेतल्यापासून, सात दिवसांत पैसे निघालेच पाहिजेत. उशीर होणार असेल तर देणाऱ्याने आधी कळवावं, घेणाऱ्यावर मागायची पाळी येऊ नये. मंजुरी एकाने द्यावी, रक्कम दुसऱ्याने सोडावी.

दर तीन महिन्यांनी एक पान जाहीर करा: किती आले, कुणाला कोणत्या कामाचे किती दिले, काय अर्धवट राहिलं. आम्ही गेल्या वर्षी चार कामांना पैसे लावले. तीन पूर्ण झाली, चौथ्याचे सहा तासांचे पैसे देऊन ते सोडून दिलं, आणि तेही त्या पानावर आहे. शिल्लकीतला चौथा हिस्सा आम्ही अडवून ठेवतो. सुरक्षेचं काही निघालं तर तेव्हा देणगीचं आवाहन करायला वेळ नसतो.

पैसे संपणार हे दोन महिने आधी दिसतं. तेव्हाच नवी कामं थांबवा, चालू असलेली पूर्ण होऊ द्या, आणि पैशाने होत असलेली तपासणी कोण उचलणार हे विचारा. कुणीच हात वर केला नाही तर रिलीज तीन महिन्यांऐवजी सहा महिन्यांनी काढा, तसं रीडमीत पहिल्याच परिच्छेदात लिहा, आणि ज्या कंपन्या तुमचा कोड वापरतात त्यांना तो परिच्छेद ईमेलने पाठवा.